वहिनींचा सहा नंबर

सकाळी बूट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवतो. यावरून माझी बायको म्हणते की मला धंद्यातलं ओ का ठो कळत नाही. म्हणू दे बापडी. सकाळी पाय नुकता झोपेतून उठलेला असतो, आटोपशीर असतो. बारा तास ड्यूटी करून आला की तोच पाय सुजून अर्धा नंबर वाढतो. सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी जीव घेतो आणि शिव्या खायच्या आम्ही. म्हणून नर्स असेल तर मी सरळ सांगतो, बाई, ड्यूटी संपवून या, रोजचे मोजे घालून या आणि निवांत या.

माझं दुकान हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर आहे. पुढच्या फाटकाला औषधवाले आणि फळवाले. मागच्या फाटकातून धुवायच्या चादरींचे गठ्ठे, सिलिंडरच्या गाड्या आणि कामावरची माणसं ये-जा करतात. बाबांनी ही जागा मुद्दाम घेतली. ते म्हणायचे, पुढून येतो तो आडवा व्हायला येतो, मागून येतो तो दिवसभर उभा राहायला येतो, आणि बूट उभ्या माणसाला लागतो.

तीस वर्षं मी नर्सांचे पाय बघतोय. त्यांना काय लागतं ते माझ्याकडून ऐका, जाहिरातीतल्या पोरीकडून नको. ती पोर आयुष्यात दोन तास सलग उभी राहिलेली नाही, तिच्या पोटऱ्यांवरूनच कळतं. बूट लोण्यासारखा मऊ असला की लोक भुलतात. पहिल्या तासाला ढगांवर चालल्यासारखं वाटतं आणि सहाव्या तासाला कंबर धरते. टाचेला बूट घट्ट हवा, चवड्याला ऐसपैस हवा, बोटांना आत हातपाय पसरता आले पाहिजेत. पुढून बंद हवा, कारण वॉर्डात सुया पडतात, काचा पडतात. ओल्या फरशीवर घसरता कामा नये आणि वाजताही कामा नये, कारण शेजारी कुणीतरी कसाबसा झोपलेला असतो. आणि दोन जोड आलटून पालटून घालावेत, म्हणजे एक घामातून सुकेपर्यंत दुसरा चालतो. एवढंच शास्त्र आहे.

हे शास्त्र मला ज्या पायांनी शिकवलं ते माझ्या वहिनींचे. आणि त्याच पायांच्या बाबतीत माझी अक्कल शेण खायला गेली. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

बाबांकडे एक जाड वही होती. नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा उघडा पाय वहीच्या कोऱ्या पानावर ठेवायचा, पेन्सिल उभी धरायची आणि पायाभोवती रेघ काढायची. खाली तारीख आणि नंबर. नुसता नंबर खोटं बोलतो, रेघ बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. एके दुपारी ते जेवायला गेले होते आणि वही माझ्या ताब्यात होती. शिकाऊ नर्सांच्या गणवेशातली एक मुलगी लंगडत आत आली. दोन्ही टाचांना फोड. बूट काढून तिनं पाय पानावर ठेवला. मी नवशिका, भारी गंभीर. टाचेपासून सुरुवात केली, बाहेरच्या कडेनं वर गेलो, बोटांना वळसा घातला आणि आतल्या बाजूनं खाली येताना पेन्सिल तळव्याच्या कमानीला लागली मात्र, ती खुदकन हसली आणि पाय आखडून घेतला. रेघ भलतीकडे गेली.

"हलू नका हो," मी म्हणालो.

"मी कुठे हलतेय? तुम्हीच गुदगुल्या करताय!"

पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी कमानीपाशी रेघेला एक वेडावाकडा पोक आला तो आलाच. माझा डबा घेऊन आलेला दादा गल्ल्यापाशी उभा राहून हसत होता. दादा कचेरीत कारकून. बुटांच्या वासानं त्याला शिंका येतात. पण त्या आठवड्यात त्याला एकाएकी दुकानाची फार काळजी वाटायला लागली. चार वेळा येऊन गेला. वर्षभरात ती मुलगी माझी वहिनी झाली.

लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी सवयीनं स्टूल ओढून पुढे बसलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"भाऊजी, आता तुम्ही दीर. माझे पाय मांडीवर घेऊन बसायचं नाही. नंबर सांगते, खोकं द्या."

मला ते पटलंही आणि बरंही वाटलं. त्यानंतर एकोणतीस वर्षं मी त्यांच्या पायाला बोट लावलं नाही. त्या नंबर सांगायच्या, मी खोकं द्यायचो, त्या कोपऱ्यात पाठ करून बूट चढवायच्या. हॉस्पिटलात माझ्या दुकानाचं नाव झालं, बाबा गेले, तयार बुटांचा जमाना आला आणि वही माळ्यावर गेली.

वहिनी पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात. तीस खाटा, मधून लांबच लांब वाट आणि टोकाला औषधांचं टेबल. त्या एका ड्यूटीत किती चालतात हे एकदा दादानं मोजायला सांगितलं तर म्हणाल्या, "मोजायला लागले तर बसावंसं वाटेल." पायाला भिंगरी, पण पाऊल वाजायचं नाही. उशाशी येऊन सलाईन बदलून जायच्या तरी शेजारच्या खाटेला पत्ता नसायचा. पेशंटांनी त्यांचं नाव मांजरसिस्टर ठेवलं होतं. बरे होऊन गेलेल्या माणसांच्या बायका माझ्या दुकानात येऊन विचारायच्या, "मांजरसिस्टर तुमच्याच घरातल्या का हो?" माझी छाती उगाच फुगायची.

त्यांचं खास काम म्हणजे साखरेच्या पेशंटांच्या पायांची ड्रेसिंग. न भरणाऱ्या जखमा, काळी पडलेली बोटं. तिथे नवशिक्या पोरी तोंड फिरवतात. वहिनी पाय हातात घेऊन लहान मुलाला बोलतात तसं बोलायच्या. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला एक हातआरसा घ्यायला लावायच्या. "रोज आंघोळीनंतर तळवा आरशात बघायचा. साखरेनं पाय मुका होतो. खडा टोचला तरी सांगत नाही. तो बोलत नाही तर तुम्ही बघा." हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. माझी पुतणी लहानपणी बाहुलीच्या पायाला आरसा दाखवायची.

आणि दर सहा महिन्यांनी त्यांची माझ्या दुकानावर धाड यायची. गिऱ्हाईक म्हणून वहिनींइतकं किटकिटं माणूस मी पाहिलं नाही. टाच लागते. करंगळी दबते. नाडी सुटते. दुपारनंतर तळव्याची आग होते. "भाऊजी, हा बूट शिवणाऱ्याला माझ्या वॉर्डात एक दिवस उभा करा." मीही गप्प बसणारा नाही. "वहिनी, बूट बदलून द्यायचे नसतात, पाय बदलून घ्या." असं आमचं चालायचं. पण त्या गेल्या की मी त्याच तक्रारींवर विचार करत बसायचो. कुठे चवड्याजवळ कातडं ताणून दिलं, कुठे सुकतळ्याखाली पातळ पट्टी घातली, कारखान्यातून चार वेगळे नमुने मागवले. वहिनींच्या तक्रारींनी मी शहाणा झालो आणि त्याचा फायदा हॉस्पिटलातल्या निम्म्या नर्सांना झाला. लग्नाच्या वेळी त्यांना पाच नंबर लागायचा. मुलीच्या वेळेला पाय पसरले, सहा झाला. चाळिशीनंतर सात. उभ्या माणसाचा पाय पसरतच जातो.

दोन वर्षांपूर्वी तक्रारी थांबल्या.

मी वाट बघितली. सहा महिने झाले, आठ झाले. शेवटी मीच विचारलं, "काय वहिनी, रागावलात का दुकानावर?"

"नाही हो. तुमचा तो पांढरा बूट जमला बघा. दिवसाअखेर पाय आहेत की नाहीत कळत नाही, इतके हलके." आणि हसल्या. "आता आठ वर्षं राहिली. याच बुटात उभ्या उभ्या निवृत्त होते की नाही बघा. मला खुर्चीतून निवृत्त व्हायचं नाही. ज्या वॉर्डात उभी राहिले त्याच वॉर्डातून चालत बाहेर पडायचंय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सत्तावीस वर्षांची परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. त्या बुटाचं नावच मी 'वहिनींचा बूट' ठेवलं. येईल त्या नर्सला सांगायचो, माझी वहिनी सर्जरीत आहे, जगातली सगळ्यांत किटकिटी बाई, तिची या बुटाबद्दल महिनोन्महिने एक तक्रार नाही. पोरी दोन दोन जोड घेऊन जायच्या.

गेल्या वर्षी वहिनी नवा जोड घ्यायला आल्या. सात नंबर चढवला, दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "सैल वाटतोय. पायात असल्यासारखा वाटत नाही. सहा द्या."

मी सहा दिला. तो चढवायला त्यांना जरा वेळ लागला, पण उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, आता कसा धरून बसला."

आणि मी काय म्हणालो? मी, तीस वर्षं पाय बघणारा शहाणा, म्हणालो, "बघा वहिनी, पाय लहान झाले. तरुण होत चाललात!" त्या लाजल्या आणि आम्ही दोघंही हसलो.

पाय लहान होत नाही. माणूस वयानं आटतो, पाठ वाकते, गाल बसतात, पण पाय आटत नाही. हे मला बाबांनी पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला हवं होतं. टोचलं नाही, कारण वहिनी खूश होत्या आणि खूश गिऱ्हाइकाला दुकानदार कधी प्रश्न विचारत नाही.

आणखी एक खूण आली होती. तीही सांगून टाकतो. वहिनींच्या हाताखालची एक तरुण नर्स बुटाची नाडी घ्यायला आली होती. सहज म्हणाली, "काका, तुमचा तो बूट वाजतो हां हल्ली. मोठ्या सिस्टर येताना आता लांबून कळतं. थप थप करतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा बूट वाजत नाही! वाजत असेल तर तुमची फरशी वाजत असेल!" ती बिचारी नाडी घेऊन पळाली. बूट खरंच वाजत नव्हता. पाऊलच आपटत होतं. ज्या पायाला जमीन कधी लागली ते कळत नाही, तो पाय आपटून टाकला जातो. हे मला नंतर कळलं, म्हणजे कुणीतरी समजावल्यावर. मांजरसिस्टरची पावलं वाजायला लागली होती आणि मी फरशीला दोष देत होतो.

मग एका शुक्रवारी वहिनी सकाळची ड्यूटी संपवून दुपारी आल्या. बुटाला बाहेरून भेग पडली होती, नवा जोड हवा होता. नेहमीसारख्या कोपऱ्यात बसल्या, जुना बूट काढून बाजूला सरकवला. मी नवं खोकं आणून ठेवलं आणि जुना बूट टाकून देण्यासाठी उचलला. बाबांची एक सवय माझ्या हातात राहिली आहे. जुना बूट फेकण्याआधी त्यात हात घालून सुकतळा चाचपायचा. कुठे खड्डा पडलाय, कुठे झिजलाय, त्यावरून माणूस कसा चालतो ते कळतं. वहिनींच्या बुटात मी कधी हात घातला नव्हता. त्या दिवशी बोलण्याच्या नादात घातला गेला.

आत ओलं होतं. अंगठ्याखाली काहीतरी रुतून बसलं होतं. नखानं उचकटून काढलं. इंजेक्शनच्या बाटलीचं झाकण, वरून जांभळं प्लॅस्टिक, कडेला पत्र्याची धारदार किनार. सुकतळ्यात त्याचा गोल खड्डा पडला होता, आणि खड्ड्याभोवतीचा भाग काळपट.

"वहिनी, हे तुमच्या बुटात कसं आलं?"

त्यांनी हात पुढे केला. झाकण तळहातावर घेऊन बघितलं. मला वाटलं, ओरडतील, घाबरतील. त्या फक्त म्हणाल्या, "आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"जांभळ्या झाकणाचं औषध वॉर्डात एकाच पेशंटला चालू होतं. बारा नंबरला. शेवटचा डोस रविवारी मीच दिला. सोमवारी तो घरी गेला."

रविवार ते शुक्रवार. मी मनातल्या मनात ड्यूट्या मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

"तुमचा तो खालचा आरसा इकडे सरकवा," वहिनी म्हणाल्या.

बुटांच्या दुकानात जमिनीलगत तिरका आरसा असतो, पायातला जोड बघायला. मी तो ढकलत त्यांच्यापुढे नेला. त्यांनी मोजा काढला. मोज्याचा पुढचा भाग तळव्याला चिकटला होता, तो त्यांनी थोडा थोडा करून सोडवला आणि चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पाय उचलून तळवा आरशाकडे केला. एकोणतीस वर्षांनी मी तो पाय बघत होतो. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळी चेमटून गेलेली, सहा नंबरच्या बुटानं कडेकडेनं लाल घट्टे पाडलेले. आणि अंगठ्याखाली जखम.

"उजवा पाय, अंगठ्याखाली," वहिनी म्हणाल्या. वॉर्डात डॉक्टरला सांगतात त्याच आवाजात. "खोल आहे. कडा पांढऱ्या. वास येतोय." मग म्हणाल्या, "ही बाई उशिरा आली."

मला रडू आवरेना. त्या मात्र आरशात बघतच राहिल्या.

साखर त्यांना आठ वर्षांपासून होती. दादाला माहीत होतं, मला नव्हतं. गोळी घ्यायच्या, ती चहाबरोबर, उभ्या उभ्या. पेशंटांसाठी आणलेले आरसे कपाटात डझनावारी पडलेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घरात कुणाला शिंक आली तरी आम्ही सगळे त्यांना विचारायचो. त्यांना कोण विचारणार? नर्सच ती, तिला सगळं कळतं. हे वाक्य मी दादाच्या तोंडून शंभरदा ऐकलंय आणि शंभरदा मान हलवलीय.

भरती केल्यावर कळलं, जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणाले, पाय राहील की नाही ते दोन आठवड्यांत कळेल. पहिल्या आठवड्यात अंगठा काढला. दुसऱ्या आठवड्यात शेजारचं बोट. रोज संध्याकाळी मी आणि दादा बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचो आणि चादरीखाली दोन पाय दिसताहेत की नाही ते दारातूनच बघून घ्यायचो.

त्या बाकावर एकदा मी दादाला सहा नंबरचं सांगून टाकलं. मी हसलो होतो तेही सांगितलं. म्हटलं, चिडेल, दोन शब्द बोलेल, माझं ओझं उतरेल.

दादा बराच वेळ हातातल्या डब्याची कडी उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "तू वर्षातून दोनदा तिचे पाय बघायचास, तेही लांबून. मी एका घरात राहतो. गेल्या हिवाळ्यात तिनं पाय शेकताना पोळून घेतले. म्हणाली, लक्ष नव्हतं. मी फोडांवर मलम लावून दिलं आणि पेपर वाचत बसलो."



वहिनींपुढे कबुली द्यायला मला आणखी चार दिवस लागले. दादा खाली औषधं आणायला गेला होता. पाय उशीवर, पट्ट्यांनी गुंडाळलेला.

"वहिनी, सहा नंबर मी द्यायला नको होता. पाय लहान होत नाही हे मला माहीत होतं."

"मी मागितला म्हणून तुम्ही दिलात."

"तरी मी दुकानदार आहे."

"आणि मी कोण आहे?" त्यांचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी वळून बघायला लागली. "मुक्या पायाला सैल बूट कळत नाही. घट्ट केला की जरा कळतो, म्हणून माणूस घट्ट मागतो. हे मी पेशंटांच्या बायकांना सांगते, भाऊजी! नवरा लहान नंबर मागायला लागला तर आधी डॉक्टरकडे आणा, असं सांगते. स्वतःच्या तोंडानं! आणि स्वतः तुमच्या दुकानात येऊन सहा नंबर मागते." त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच कानाकडे वाहत गेलं. "सत्तावीस वर्षं रोज पाय दुखले. रोज. घरी आल्यावर भिंतीला पाय टेकवून पडायचे तेव्हा कुठे स्वयंपाकाला लागायचे. मग हळूहळू दुखायचे थांबले. मला वाटलं, सुटले एकदाची. वाटलं, आता तरी सुखाचे दिवस आले. पेशंटचं दुखणं अचानक थांबलं तर आम्ही धावत जातो, का थांबलं म्हणून. माझं थांबलं तर मी खूश झाले."

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. मी त्या खाटेपाशी उभा होतो आणि मला वाटलं, ही म्हण रचणाऱ्यानं असला पाय बघितला नसावा.

पाय वाचला. पण कागदावर लिहून आलं: उभं राहण्याचं काम बंद. वहिनींना बाहेरच्या रुग्णांच्या ड्रेसिंगच्या खोलीत टेबल-खुर्ची दिली. आपलं कपाट रिकामं करायला त्या एकदा सर्जरी वॉर्डात गेल्या, आणि चालत बाहेर पडायचं होतं त्या बाई तिथून ढकलगाडीवर बाहेर पडल्या. त्या तरुण नर्सनं मला सांगितलं, गाडी निघाली तेव्हा वहिनी ओरडल्या, "हळू ढकल, अकरा नंबर झोपलाय." 

मी दुकानात 'वहिनींचा बूट' असं लिहिलेली पाटी काढून टाकली. बूट वाईट नाही, अजून विकतो. पण आता नर्स आली की मी नंबर विचारत नाही. पाय समोर ठेवायला लावतो, जुन्या बुटात हात घालतो, आणि कुणी म्हणालं की काका, हल्ली पाय मुळीच दुखत नाहीत, तर नवा जोड दाखवायच्या आधी साखर तपासून यायला सांगतो. दोघी रागावून दुसऱ्या दुकानात गेल्या. एक तपासून आली आणि बराच वेळ स्टुलावर नुसती बसून राहिली.

जखम पूर्ण भरायला पाच महिने गेले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता बूट लागेल, पण तयार नाही, मापाचा करून घ्या. चवड्याला रुंद, आत शिवण नको, कापलेल्या बोटांच्या जागी भर. असा बूट करणारा एक जुना कारागीर माझ्या ओळखीत आहे, पण त्याला पायाची रेघ लागते. मी माळ्यावरून बाबांची वही काढली. धूळ झटकताना ते पान सापडलं. एकोणतीस, नव्हे, तीस वर्षांपूर्वीची तारीख, पाच नंबर, आणि कमानीपाशी तो वेडावाकडा पोक.

संध्याकाळी दादा वहिनींना घेऊन आला. काठीला धरून त्या स्टुलापर्यंत आल्या, प्रत्येक पाऊल डोळ्यांनी बघून टाकत होत्या. मी समोर खाली बसलो. कोरं पान पुढे ठेवलं आणि संकोचून वर बघितलं.

"वहिनी, हात लावावा लागेल."

"लावा," त्या म्हणाल्या. "आता कसली लाज? सगळ्या हॉस्पिटलानं लावून झाला."

मी जुनं पान वहीतून सोडवून दादाला दाखवायला दिलं होतं. तो ते त्यांच्यापुढे धरून म्हणाला, "आठवतं का हे? किती हसली होतीस." वहिनींनी पान हातात घेतलं आणि कमानीपाशी बोट फिरवत त्यातच बघत राहिल्या. मी त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून कोऱ्या पानावर ठेवला. गार होता. पेन्सिल उभी धरली, टाचेपासून निघालो, बाहेरच्या कडेनं वर गेलो. तीन बोटांना वळसा घातला. पुढे दोन बोटांची जागा सपाट होती, तिथून पेन्सिल सरळ पलीकडे गेली. मग आतल्या बाजूनं खाली, कमानीला अगदी लागून. माझाच हात तिथे क्षणभर थांबला. पाय हलला नाही. टाचेपाशी येऊन रेघ रेघेला मिळाली. एवढी स्वच्छ रेघ माझ्या हातून कधी निघाली नव्हती.

वहिनी अजून जुन्या पानातच बघत होत्या. म्हणाल्या, "करा की सुरू, भाऊजी. या वेळी नाही हलणार."

"झाली काढून, वहिनी," मी म्हणालो.